अब्ज गेलं पाण्या

“अऽब्ज,” असं म्हणायची आई. पहिलं अक्षर विहिरीत सोडलेल्या बादलीसारखं सैल जाऊ द्यायचं, तळाला पाणी लागलं की दोर किंचित ओढायचा, आणि मग ‘ज’ ओलाचिंब होऊन वर यायचा. जिन्याच्या अंधाऱ्या वळणावर तो आवाज भिंतीला लागून परत यायचा. ताई तिचं बोट धरून पुढच्या पायरीवर पाय टाकता टाकता आपला शब्द तयार ठेवायची, “खर्व.” घर सगळ्यांत वरच्या मजल्यावर होतं. बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे. मोठी संख्या आली की शून्याचे खिळे कमी पडतात आणि शेजारच्या खणातून ‘ठ’ उसने आणावे लागतात, अशी त्यांची एक जुनी थट्टा होती. चढताना पोरगी दमू नये म्हणून हा खेळ त्यांनीच काढलेला. एका पायरीला एक नाव, आणि नावं वाटून घेतलेली. बाबांचं एकं, आईचं दहं, ताईचं शतं, आणि आईच्या कडेवरच्या तान्हीचं सहस्र; ते तिच्या वतीनं आईच बोबडं बोलायची. मग पुन्हा बाबांपासून, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी. पुन्हा, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व. तान्हीच्या वाट्याला निखर्व आलं म्हणून तिला घरात निखी म्हणायला लागले, आणि चाळिशी ओलांडली तरी ते नाव काही तिला सोडून गेलं नाही. पुढे महापद्म, शंकू, जलधी, अंत्य. मग बाबांचं मध्य, आणि अगदी शेवटी, दाराशी, कुलपात किल्ली फिरवता फिरवता, आईचं परार्ध. “अंत्य झाल्यावर मध्य कसं हो, बाबा?” ताईनं एकदा विचारलं होतं. “मोठ्यांच्या गोष्टीत असंच असतं,” बाबा म्हणाले होते. आई तेव्हा हसली नव्हती, एवढं ताईला पक्कं आठवत होतं.

तो ‘अब्ज’ ताईला मंगळवारी, भर सभेत, कोपराशी ऐकू आला. म्हणणारी आई नव्हती. निखी होती.

दोघी बहिणी दुभाषी. सभागृहाच्या मागच्या भिंतीत काचेच्या खोल्यांची ओळ होती, एकेका भाषेची एकेक, आणि त्यांतल्या कडेच्या खोलीत दोघी शेजारी शेजारी बसायच्या. अर्धा तास एकीनं बोलायचं, अर्धा तास दुसरीनं. जी बोलत नसते तिलाही सुटी नसते, कारण तिनं समोरच्या कोऱ्या कागदावर आकडे लिहून द्यायचे असतात. वाक्य निसटलं तरी त्याला अर्थाची शेपटी असते, ती धरून ओढून आणता येतं. आकड्याला शेपूट नाही. गेला की गेला. म्हणून बोलणारी डोळे कागदावर ठेवते आणि लिहिलेलं वाचते, विचार न करता, आंधळ्यानं काठीवर भरवसा ठेवावा तसा. इतकी वर्षं ताईनं लिहिलं आणि निखीनं वाचलं, निखीनं लिहिलं आणि ताईनं वाचलं. एका शून्याची चूक कधी झाली नव्हती. त्या दिवशी परिषद टोळधाडीची होती. व्यासपीठावरचा कीटकतज्ज्ञ एका थव्यातले टोळ सांगत होता. ताईनं नेहमीच्या सुबक अक्षरात लिहिलं, ‘४०० कोटी’. निखीनं कागदाकडे बघितलं. नीट बघितलं, तिची नजर त्या शून्यांवरून फिरताना ताईला दिसली. आणि माइकमध्ये ती म्हणाली, “चार अऽब्ज.”

सभागृहात कुणाची पापणी हलली नाही. चार अब्ज टोळ आले आणि गेले. आकडा बरोबरच होता, शंभर कोटींचं एक अब्ज, शाळेतलं पोरही सांगेल. पण या खोलीत तो शब्द नव्हता. ताईनं तो पहिल्या दिवसापासून बाहेर ठेवला होता. “लोकांना कोटी कळतं. अब्ज म्हटलं की माणूस आधी शून्यं मोजत बसतो आणि पुढचं वाक्य हुकतं,” असं कारण तिनं निखीला दिलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. खर्वाचं तर विचारूच नका, कुणी ते दहा अब्जांचं धरतं, कुणी शंभर अब्जांचं. पण खरं कारण एवढंच की अब्ज आईचं होतं. लक्षही आईचं होतं. त्यावर ताईनं स्वतःशी वाद घातला होता की लाख म्हणजे काही लक्ष नव्हे, आणि लाखाशिवाय या धंद्यात दिवस निघणार नाही. आपल्याच नियमाला आपणच अशी मागची खिडकी ठेवल्याची तिला लाज वाटायची. आणि निखीनं नियम मोडला हे एकवेळ सोडून देऊ. पण ती तऱ्हा? आई गेली तेव्हा निखीला धड चालता येत नव्हतं. ताईनं तिला भाषा शिकवली, पहिल्या शब्दापासून, आणि तो शब्द कधीच त्या चालीवर म्हटला नाही. मग ही बादली त्या विहिरीत सोडायला हिला कुणी शिकवलं?

मधल्या सुटीत उपाहारगृहात सगळ्या खोल्यांची माणसं एका लांब टेबलाशी बसत. इथे देश कुणी विचारत नसे. शून्यांवरून ओळख ठरलेली होती. दर तीन शून्यांनी नवं नाव घेणारे ते तीनवाले. दर चारांनी घेणारे चारवाले. त्यांच्याकडे दहा हजारांना स्वतःचा शब्द, आणि त्याचा दुसरा अर्थ ‘मोजता न येण्याइतकं’. आणि या दोघी दोनवाल्या, कारण हजार ओलांडला की दर दोन शून्यांनी यांचं नाव बदलतं. तीनवाल्यांमध्येही दोन म्हातारे होते, ज्यांच्या भाषांत एकच शब्द होता, पण एकाचा दुसऱ्याच्या हजारपट. ते रोज एकत्र कॉफी घेत आणि एकमेकांच्या आकड्यावर विश्वास ठेवत नसत. “तुमचं बरं आहे बाई,” चारवाली म्हणाली, “दोन पावलं टाकली की नवीन नाव. आम्ही आपले एकाच नावावर मैलभर चालतो.” “म्हणून तर आमचे पाय दुखतात,” निखी म्हणाली, आणि सगळे हसले. ताई हसली नाही. निखी फार मोकळी हसते आहे, असं तिला वाटलं. चारवालीनं निखीच्या दंडावर हात ठेवला तो जरा जास्त वेळ राहिला. हिला ठाऊक आहे. या टेबलावर सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे, आणि मी आले की ते बशीखाली सरकवतात. ताईनं चमचा उगाच ढवळत ठेवला. एका फार जुन्या चित्रलिपीत लाखासाठी बेडकाचं पिल्लू काढायचे, आणि दहा लाखांसाठी गुडघ्यावर बसून दोन्ही हात वर केलेला माणूस, असं तिनं शिकताना कुठंतरी वाचलं होतं. प्रत्येक भाषा कुठल्या तरी शून्यापाशी येऊन असे हात वर करतेच. कुणी एक कोटीपाशी, कुणी परार्धापाशी. कुणी दहंपाशीच.

दहंपाशी. आई गेली त्या सकाळी ताई जिन्याच्या कठड्याला लटकून बघत होती. निळी पिशवी, एक वळण, दुसरं वळण, मग फक्त कठड्यावरचा हात. उतरताना ती मोजत होती की नाही, हे ताईला आजही सांगता येत नाही. कान देऊनही काही ऐकू आलं नव्हतं. संध्याकाळी बाबांनी निखीला उचललं, जिन्याशी उभे राहिले आणि म्हणाले, “एकं.” मग थांबले. ताईनं वर बघितलं. बाबा पुढच्या पायरीकडे बघत होते. त्यांनी पाय टाकला, बोलले काहीच नाहीत, आणि त्याच्या पुढच्या पायरीवर ताईला कोपरानं ढोसलं. “शतं,” ताई म्हणाली. त्या दिवसापासून तसंच. आईच्या पायरीवर एक श्वास, आणि पुढे. लक्ष नाही, अब्ज नाही, शंकू नाही. बाबांच्या मध्यावर यायचं, आणि मग दाराशी नुसतं कुलूप वाजायचं. निखी वाढली ती या भोकांसकट वाढली. तिला वाटायचं, आकडे असेच असतात, मधून मधून श्वास घ्यायला जागा ठेवलेले. शाळेत बाईंनी सगळे म्हणायला लावले तेव्हा ती रडत घरी आली, “बाई मध्ये मध्ये काहीतरी घालतात.” त्या संध्याकाळी तिनं विचारलं, आपली आई कुठे आहे. बाबा हात पुसत होते. ताईनं सांगितलं, “तापात गेली. तू लहान होतीस.” बाबांचे हात केव्हाच कोरडे झाले होते, तरी ते पुसतच राहिले. इतक्या मोठ्या गोष्टीला एवढंसं वाक्य पुरलं, याचंच तेव्हा ताईला नवल वाटलं होतं. आणि पुढे ते वाक्य इतक्या वर्षांत तिनं इतकं जपलं, त्याच्या आजूबाजूची प्रत्येक फट इतकी बुजवली, की निखी म्हणजे त्या वाक्यावरच उभं केलेलं घर झालं. ते काढलं तर वरचं काय राहणार?

मंगळवारनंतर ताईच्या डोळ्यांना एकेक गोष्ट दिसू लागली. की आधीही दिसत होती आणि मन वळवून घेत होतं? निखी दर गुरुवारी दुपारी दातांच्या डॉक्टरकडे जाते. “दाढ कशी आहे गं?” ताईनं भांडी विसळता विसळता विचारलं. “कुठली?” निखी म्हणाली, मग लगेच, “हां, बरी आहे. आता ठणकत नाही.” आणि गालाला हात लावला. आधी डाव्या, मग उजव्या. निखीच्या कोटाला एक बटण नवं लागलं होतं. निखीला बटण लावता येत नाही. ती दोरा ओवते, चार टाके घालते आणि पाचव्याला बोट टोचून घेते. हे बटण कापडापासून जरा उचललेलं होतं. ताई दाराशी एकटी असताना तिनं ते उलटवून बघितलं. खाली दोऱ्याचे वेढे होते, घट्ट, फुलाच्या देठासारखे, म्हणजे काज जाड कापडाचं असलं तरी बटण ताणलं जात नाही. असा देठ ताईनं आयुष्यात एकाच माणसाला काढताना बघितलं होतं. दाताखाली दोरा धरून, गुणगुणत. ताईनं कोट परत खुंटीवर अडकवला, आणि मग आपण तो आधी होता तसाच अडकवला का, या विचारानं पुन्हा जाऊन नीट केला. आपल्याच घरात चोरासारखी. नंतर चहा गाळताना तिला ते गुणगुणणंही आठवलं, इतकी वर्षं नको म्हणून दूर ठेवलेलं:

अब्ज गेलं पाण्या
खर्व गेलं राना
निखर्व माझा तान्हा
निजलेला

पाण्याला गेलेलं अब्ज काही परत आलं नाही, आणि राना गेलेल्या खर्वालाच घरी येऊन तान्ह्याला थोपटावं लागलं. आता ते पाणी वाकडी वाट करून मागच्या दारानं आलं होतं की काय? आणि निखी त्यात हात बुडवून, पुसून, तोंडावर काही न दाखवता जेवायला बसत होती?

कारण आई जिवंत आहे, हे ताईला ठाऊक होतं. गेल्या वर्षी बाबा गेले त्या दिवशी फाटकाशी एक बाई उभी होती. केस सगळे पांढरे, पण पिशवी धरायची पद्धत तीच. ताई पायऱ्या उतरून गेली. बोलायचं काही ठरवलं नव्हतं, तरी जे निघालं ते शब्दाला शब्द लागून, घासूनपुसून ठेवल्यासारखं निघालं. “निखीला तू मेलीस असं सांगितलंय. आता मला पुन्हा मारायला लावू नकोस.” आई म्हणाली, “बरं.” मग जरा थांबून, “जिना चढताना मोजता का गं अजून?” ताई तशीच वळली. वर आली. “कोण होतं?” निखीनं खिडकीपासून वळून विचारलं. “पत्ता विचारत होती कुणी.” एवढंच. निखी खिडकीत होती. खिडकीत होती, हे ताईला त्या दिवशी दिसलं होतं, आणि तरी आजवर तिनं त्याकडे बघितलं नव्हतं.

मग तिनं सापळा लावला. सापळाच म्हणायचा, दुसरा शब्द नाही. बुधवारी संध्याकाळी दोघी वाळलेल्या चादरी घडी करत होत्या. दोन टोकं हिच्याकडे, दोन तिच्याकडे, जवळ यायचं, टोकं जुळवायची, लांब जायचं. लहानपणी या कामालाही तो खेळ चालायचा. ताई सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, “एकं.” बाबांच्या माघारी त्यांचं तीच म्हणायची. आता एक श्वास, आणि मग शतं. ताई श्वासावर थांबली आणि निखीच्या तोंडाकडे बघत राहिली, मांजर बिळाकडे बघतं तशी. निखीचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण जीभ दाताला लागली, ‘द’ला लागते तशी, आणि तिच्या लक्षात आलं तशी ती परत गेली. “शतं,” ताई म्हणाली. “सहस्र,” निखी म्हणाली, आणि चादरीचं टोक जुळवायला पुढे आली. तिची बोटं ताईच्या बोटांना लागली तेव्हा गार होती. दोघींनी उरलेल्या चादरी घडी केल्या. ताईला वाटलं, आता काही बोलेल. मग वाटलं, बोलू नये. मग वाटलं, ही बोलत नाही त्या अर्थी मला वेडी समजते. ही आणि आई, दोघी मिळून मला हसतात. दोघी कुठल्या तरी खोलीत बसून, माझं ते वाक्य मध्ये ठेवून, त्याच्याकडे बोट दाखवतात. तापात गेली म्हणे. कुठला ताप, किती दिवसांचा. ज्या पोरीला मी बोलायला शिकवलं ती आता माझ्याबद्दल आईसमोर बोलते.

गुरुवारी निखीनं कोट बरोबर आणला होता. सभेतून परस्पर जायची असणार. दुपारच्या सुटीत सभागृह रिकामं झालं. खाली खुर्च्यांच्या रांगा, पाण्याचे अर्धे ग्लास, कुणाचा तरी विसरलेला चष्मा. शेजारच्या खोलीतली चारवाली काचेतून हात हलवून जेवायला गेली. माइकचा लाल दिवा विझलेला होता, हे ताईनं एकदा बघितलं, पुन्हा बघितलं, आणि वर बटण दाबून खात्री केली.

“कोटाचं बटण कुणी लावलं?”

निखीनं हेडफोन काढून गळ्यात अडकवले. “विचारलंस एकदाचं.”

“मी बटणाचं विचारतेय.”

“मी पण बटणाचंच सांगतेय. तिनं लावलं.”

ताईनं कागदांची चळत सरळ केली. ती सरळच होती. “कधीपासून?”

“बाबा गेले त्या दिवसापासून. तू वर आलीस आणि म्हणालीस, पत्ता विचारत होती कुणी. मी मागच्या जिन्यानं उतरले. कोपऱ्यावर गाठलं तिला. मला बघून रडेल वगैरे वाटलं होतं. रडली नाही. म्हणाली, नाक बाबांवर गेलंय तुझं.”

“आणि माझ्याबद्दल काय काय सांगितलं?”

“काही नाही.”

“काही नाही कसं?”

“मी विचारलं, ताई फाटकाशी तुला काय बोलली. तर म्हणे, ताईचं बरोबर आहे. एवढंच. नंतरही कितीदा खोदून विचारलं. तेच. तुझ्यासारखीच आहे गं, तोंड उघडायचं नाही म्हणजे नाही.”

ताईला यावर विश्वास ठेवावासा वाटेना. इतकं सोपं असेल तर इतके दिवस कशाचा पहारा केला? “मग वर्षभर दाढ का दुखवलीस? तोंड होतं ना तुला?”

“तू सांगशील म्हणून थांबले.” निखीचा आवाज चढला नाही, उलट खाली बसला. “तुझ्या तोंडून ऐकायचं होतं मला. रोज वाटायचं, आज सांगेल. चहा करताना, चादरी काढताना. मग मंगळवारी तुझा कागद वाचला, चारशे कोटी. आणि एकदम वाटलं, ही मला जन्मभर हेच लिहून देणार, आणि मी जन्मभर तेच वाचणार. म्हणून म्हटलं ते. चुकून नाही, ताई. तुला ऐकू जावं म्हणून. तुझ्या तोंडावर म्हणायला धीर होईना, तर सगळ्या सभागृहाच्या कानात म्हटलं.”

बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. ती पावलं दाराबाहेर जाईपर्यंत दोघींनी वाट बघितली.

“काय करता तुम्ही तिथं?” ताईनं विचारलं. प्रश्न किती बारीक आवाजात आला हे तिलाच नवीन होतं.

“काय करणार? चहा. ती शिवत बसते. आणि मोजतो. तिच्या घराला पायऱ्या दोनच, म्हणून बसल्या बसल्याच. बाबांचं मी म्हणते, तिचं ती म्हणते, माझं मी. परार्ध हा शब्द मला ठाऊक होता गं. तो आपल्या घरातला आहे हे ठाऊक नव्हतं.”

“आणि माझं?”

निखी बटणाच्या देठाशी बोट फिरवत राहिली. “तुझं कुणी म्हणत नाही. मी पहिल्यांदा म्हणायला गेले तर तिनं हात धरला माझा. ‘दहं’ म्हणते आणि थांबते. दाराकडे बघत नाही, काही नाही. एक श्वास थांबते. मग मला मान हलवते, तू तुझं म्हण. लक्षानंतर तसंच. अब्जानंतर तसंच. शंकूनंतरही. दर वेळी.”

ताईच्या मनात आलं, हेही ठरवून आणलेलं असेल. दोघींनी मिळून रचलेलं, मला तिकडे ओढायला. तिनं निखीच्या तोंडावर तो कट शोधला. गालावर हेडफोनचा वळ होता. डोळ्यांखाली रात्री न झोपल्याची सावली होती. बाकी काही सापडेना. बाबांनी आईची जागा राखली तेव्हा ती कुठंतरी दुसऱ्या जिन्यावर माझी राखत होती का? की हे गेल्या वर्षापासूनच, निखी आल्यावर? विचारता आलं असतं. घंटा झाली. माणसं आत येऊ लागली, चष्मेवाला आपला चष्मा शोधत आला, आणि चारवालीनं शेजारच्या खोलीत बसता बसता काचेवर टकटक केलं, जेवला नाहीत वाटतं दोघी. निखीनं मान हलवली आणि ताईच्या हातात माइक सरकवला. पाळी ताईची होती.

लाल दिवा लागला. व्यासपीठावर आता वेगळा माणूस होता, चारवाल्यांचा, संथ बोलणारा, शब्द उगवू देणारा. अंडी घातली जातात तिथली माती, तिची ओल, वारा कुठून वाहतो. ताई त्याच्या मागोमाग जात राहिली. तोंड आपलं काम करत होतं आणि मन खाली जिन्यात उभं होतं, कठड्याला लटकून. मग आकडा येतोय हे तिला कळलं. वक्ता आकड्याआधी जरा थांबतो, सगळेच थांबतात. तिनं कागदाकडे बघितलं. निखीची पेन्सिल भराभर चालली होती. सहा, आणि पुढे शून्यं, एकाला एक लागून, सगळी. नाव लिहिलंच नव्हतं. कोटी नाही, काही नाही. पेन्सिल शेवटच्या शून्यापाशी थांबली आणि निखीनं ती कागदावर आडवी ठेवून दिली. ताईच्या तोंडाकडे ती बघत नव्हती. दाराकडेही नाही. नुसती थांबली होती.

सहाशे कोटी, ताईच्या जिभेवर तयार होतं. इतक्या वर्षांची सवय, घासूनपुसून ठेवलेलं. हेडफोन लावलेली सगळी माणसं क्षणभर वर बघू लागली, आवाज गेला की काय म्हणून. तिनं श्वास घेतला, आणि दोर सैल सोडला.

“सहा अऽब्ज,” ती म्हणाली.